ज्ञानेंद्रियांच्या पाठात राहून गेलेली गोष्ट : विज्ञानाची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
प्राथमिक वर्गांसाठी विज्ञानाची पाठ्यपुस्तके लिहिणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सर्व सदस्य यांस

सादर नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी आठ ते बारा वयोगटातील मुलांना विज्ञान शिकवते आहे. या काळात पाठ्यपुस्तके अनेकदा बदलली, चित्रे सुबक झाली, कागदही सुधारला. परंतु ज्ञानेंद्रियांचा पाठ जवळजवळ जसाच्या तसा राहिला. डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांची पाच चित्रे, प्रत्येकासमोर त्याचे काम सांगणारे एक वाक्य आणि शेवटी ‘आपण काळजी कशी घ्याल?’ या शीर्षकाखाली चार-पाच सूचना, असा त्याचा साचा आहे. या सूचना चुकीच्या आहेत असे माझे म्हणणे नाही. त्या मुलांच्या लक्षात राहत नाहीत, कारण आधीच्या पानांशी त्यांचा काही संबंधच जोडलेला नसतो. ‘मोठा आवाज टाळावा’ हे वाक्य मूल पाठ करते, पण मोठ्या आवाजाने कानात नेमके काय बिघडते हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि ज्याचे कारण ठाऊक नाही तो नियम परीक्षेनंतर विसरला जातो.

या पत्राद्वारे मला एकच मागणी करायची आहे. इंद्रियाचे कार्य आणि त्याचे रक्षण हे दोन वेगळे भाग न ठेवता एकाच विवेचनातून शिकवावेत, आणि ते करताना आजच्या पाठात कुठेच नसलेली एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी : आपली बहुतेक इंद्रिये अधू होत असताना त्याची वर्दी देत नाहीत. दात किडला तर दुखतो, पाय मुरगळला तर ठणकतो. पण ऐकू येणे किंवा दिसणे कमी होते तेव्हा सहसा काहीच दुखत नाही, आणि जे ऐकूच आले नाही ते ऐकू आले नाही हे मुलाला कळणार तरी कसे?

ही गोष्ट मला स्वतःच्या अनुभवातून उमगली. मी दहा वर्षांची असताना आमच्या बाईंनी अंधबिंदूचा प्रयोग करून घेतला. कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे सहा सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढायचा, डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे टक लावायची, आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो, कारण त्याची प्रतिमा दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर) बरोबर त्या जागी पडते जिथून दृष्टिचेता, म्हणजे मेंदूकडे संदेश नेणारी नस, डोळ्याबाहेर जाते आणि जिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. सतराव्या शतकात एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलेली ही गंमत आहे. वर्गातल्या सगळ्यांचा ठिपका नाहीसा झाला. मी मात्र बाईंना सांगितले की मला ठिपका राहू द्या, फुलीच धड दिसत नाही. तोवर माझी अशी समजूत होती की प्रत्येकाचा एक डोळा पाहण्यासाठी असतो आणि दुसरा त्याच्या सोबतीला.

माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर बराच जास्त होता आणि मेंदूने त्या डोळ्याकडून येणारे अस्पष्ट चित्र लहानपणीच बाजूला सारले होते. याला बोलीभाषेत आळशी डोळा म्हणतात; खरे तर तो डोळा आळशी नसतो, मेंदूच त्याचे ऐकणे सोडून देतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांना १९८१ साली ज्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा एक महत्त्वाचा भाग हाच होता : दृष्टीचे काम करणारा मेंदूचा भाग आयुष्याच्या सुरुवातीच्या काळात घडतो आणि त्या काळात एका डोळ्याकडून नीट संदेश आले नाहीत तर पुढे ती उणीव भरून काढणे अवघड होते. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हे उपचार वयाच्या सातव्या वर्षापर्यंत सर्वांत चांगले लागू पडतात. माझे ते वय उलटून गेले होते. मला त्याचे फार दुःख नाही, पण एक डोळा झाकून पाहण्याची दोन मिनिटांची कृती पहिलीच्या पुस्तकात असती तर चित्र वेगळे झाले असते, हा विचार दर वर्षी हा पाठ शिकवताना मनात येतोच.

आता कानाविषयी सविस्तर लिहिते, कारण सर्वांत मोठी संधी आपण तिथे गमावतो. सध्याच्या पाठात बाह्यकर्ण, मध्यकर्ण, अंतर्कर्ण ही नावे येतात, कानाचा पडदा येतो, हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे येतात. त्यांतील रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे. इथे विवेचन थांबते, आणि खरी कथा तर यापुढे सुरू होते. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वळणे घेतलेली, द्रवाने भरलेली एक नळी असते आणि तिच्यात ओळीने उभ्या असलेल्या केशपेशी असतात. हवेतील कंपने पडद्यातून, हाडांतून या द्रवात पोहोचली की तिथे लाट उठते, केशपेशींच्या माथ्यावरचे सूक्ष्म केस वाकतात आणि त्या वाकण्यातून विद्युत संदेश तयार होतो. उंच पट्टीचा आवाज नळीच्या तोंडापाशी सर्वाधिक हालचाल घडवतो आणि खालच्या पट्टीचा आवाज आतल्या टोकाशी. गेओर्ग फॉन बेकेशी यांना अंतर्कर्णातील या लाटेच्या अभ्यासासाठी १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास असतात. एका कानातील केशपेशी फक्त पंधरा हजारांच्या घरात असतात, आणि त्यांतील साडेतीन हजारांच्या आसपास पेशीच मेंदूला ऐकण्याचे बहुतेक सर्व संदेश पुरवतात. हा आकडा मुलांना सांगून पाहा. मोठ्या सभागृहात जेवढी माणसे मावतील तेवढ्याच पेशींवर जन्मभराचे सारे ऐकणे चालते, हे कळले की वर्ग आपोआप शांत होतो.

याच ठिकाणी रक्षणाचा विषय यायला हवा, पाठाच्या शेवटी नव्हे. फार मोठ्या आवाजाने हे केस अतिरेकी वाकतात, मोडतात आणि पेशी मरते. पक्ष्यांमध्ये अशी मेलेली पेशी पुन्हा तयार होते, हे १९८० च्या दशकात लक्षात आले. माणसात ती पुन्हा उगवत नाही. आवाजामुळे होणारी हानी बहुधा चार हजार हर्ट्झच्या (सेकंदाला चार हजार कंपनांच्या) आसपास आधी दिसते, म्हणजे जिथे स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते तिथे. म्हणून अशा व्यक्तीला आवाज ऐकू येतो पण शब्द उलगडत नाहीत, आणि तिला वाटते की समोरचेच पुटपुटत आहेत. कानाला स्वसंरक्षणाची थोडी सोय आहे, हेही सांगावे : मोठा आवाज झाला की मध्यकर्णातील एक चिमुकला स्नायू आकसतो आणि रिकिबीची हालचाल आवरतो. पण त्याला क्षणभराचा उशीर होतो, त्यामुळे अचानक झालेल्या स्फोटापुढे तो निरुपयोगी ठरतो.

गणिताच्या तासालाही या पाठातून खाद्य मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूत्रानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत आणि मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज ४० तासांपर्यंत सुरक्षित धरला जातो, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की ऐकण्याची मुदत निम्मी होते. मुलांनी स्वतः आकडेमोड करावी : ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच. डेसिबलची वाढ साध्या बेरजेसारखी नसते, ही अवघड वाटणारी कल्पना या निम्मे-निम्मे होण्यातून दहा वर्षांच्या मुलालाही कळते. इयरफोनचा आवाज थोडासाच वाढवला या ‘थोडासा’चा अर्थ त्याला उमजतो. कानात काही काळ शीळ वाजत राहणे किंवा बोळा बसल्यासारखे वाटणे हा कानाने दिलेला त्यातल्या त्यात स्पष्ट इशारा आहे. बहुतेक वेळा तो एक-दोन दिवसांत ओसरतो आणि म्हणूनच दुर्लक्षिला जातो. २००९ साली उंदरांवरील संशोधनातून दिसून आले की ऐकण्याची क्षमता पूर्ववत झाल्यासारखी वाटली तरी केशपेशी आणि चेतातंतू यांच्यातील बरेचसे सांधे कायमचे तुटलेले असू शकतात.

कानाबाबत आणखी एक विनंती शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेसाठी आहे. सर्दीनंतर पडद्यामागे द्रव साचून राहणे ही लहान मुलांमध्ये फार सर्वसाधारण गोष्ट आहे. ते दुखतेच असे नाही, पण काही आठवडे किंवा महिने ऐकू कमी येते. असे मूल हाकेला ओ देत नाही, सूचना अर्धवट पाळते, शेजाऱ्याच्या वहीत पाहते. आपण त्याला बेपर्वा ठरवतो. मीही ठरवले आहे, एकाहून अधिक वेळा, आणि त्यांतील एका मुलाला मी शिक्षा म्हणून मागच्या बाकावर बसवले होते. त्याला पुढच्या बाकाची गरज होती. (कान काडीने साफ करू नये, हा नियमही कारणासकट द्यावा : कानाच्या नळीची त्वचा आतून बाहेर सरकत असते आणि मळ स्वतःच बाहेर आणते, काडी तो उलट आत लोटते.)

डोळ्याच्या पाठात कॅमेऱ्याची उपमा असते. ती दृष्टिपटलापर्यंत पुरते, पुढे नाही, पण तो वाद इथे नको. मला खटकते ते हे की सूर्याकडे पाहू नये असे आपण सांगतो आणि ‘डोळे दिपतात’ एवढेच कारण देतो. खरे कारण असे की भिंगामुळे सूर्याचा प्रकाश दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर एकवटतो आणि दृष्टिपटलाला वेदना जाणवतच नाहीत. इजा होत असताना मुलाला काहीच कळत नाही. नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो तो काही तासांनी. ग्रहणाच्या वेळी ऊन सौम्य वाटते म्हणून धोका उलट वाढतो. पुठ्ठ्याला सुईने बारीक छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर घेण्याची कृती दिली तर मुले सूर्याकडे पाठ करून ग्रहण पाहायला शिकतील. लेझरच्या खेळण्यांनाही हेच स्पष्टीकरण लागू पडते, आणि त्यांचा तर आज पाठात उल्लेखच नाही.

लांबचे अंधुक दिसण्याचा दोष जगभर मुलांमध्ये वाढतो आहे. त्याबद्दल पाठात ‘टीव्ही जवळून पाहू नका’ एवढेच येते. याहून भक्कम पुरावा उजेडाविषयी आहे. चीनमधील ग्वांगझोऊ येथे बारा शाळांत केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ मोकळ्यावर नेण्यात आले. तीन वर्षांनंतर त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांत हा दोष निर्माण झाला होता आणि इतर शाळांत सुमारे ४० टक्क्यांत. नंबर एकदा लागल्यावर मैदानाचा उपयोग तितकासा होत नाही, तो लागण्याआधी होतो. तेव्हा डोळ्यांच्या रक्षणाचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मधली सुट्टी आणि खेळाचा तास, आणि अभ्यासक्रम मागे पडला की आपण सर्वांत आधी कात्री लावतो ती त्यांनाच. हे वाक्य पाठ्यपुस्तकात छापता येणार नाही याची मला कल्पना आहे; म्हणूनच ते या पत्रात लिहिले.

अ जीवनसत्त्व आणि रातांधळेपणा यांचे नाते पाठात येते, ते ठेवावे, फक्त त्यामागची साखळीही सांगावी : मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींतील रंगद्रव्य याच जीवनसत्त्वापासून बनते. डोळ्यात रसायन उडाले तर चोळू नये, कोणाची वाट पाहू नये, ताबडतोब स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि मग डॉक्टरांकडे जावे, ही सूचना ठळक अक्षरांत हवी. आणि एक गोष्ट आपल्या चित्रकारांसाठी : लाल आणि हिरवा या रंगांत फरक न करता येणारी मुले जवळपास प्रत्येक मोठ्या वर्गात असतात, मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त. रोहिणी लाल आणि नीला हिरवी, किंवा बरोबर उत्तर हिरवे आणि चूक लाल, अशी रंगांवरच बेतलेली आकृती त्यांना वाचता येत नाही. दृष्टीविषयीचा पाठ तरी त्यांना वाचता यावा.

जिभेचा नकाशा कृपया काढून टाकावा. टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट-खारट हा नकाशा १९०१ सालच्या एका जर्मन संशोधनाच्या चुकीच्या अर्थातून रूढ झाला. सर्व चवी जिभेच्या सर्व रुचिकलिकांच्या भागांत कळतात. उमामी (मुरलेल्या रश्श्यासारखी) ही पाचवी चव किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ साली वेगळी ओळखली, तिलाही जागा द्यावी. मुले घरी जाऊन जिभेच्या टोकावर मीठ ठेवून पाहतात, ते खारट लागते आणि मग ती विचारतात की पुस्तक खरे की जीभ. मी उत्तर देते की जीभ, आणि परीक्षेत मात्र पुस्तकाप्रमाणे लिहा असे सांगण्याची पाळी माझ्यावर येते. विज्ञानाच्या शिक्षकावर याहून लाजिरवाणा प्रसंग कोणता असेल, मला माहीत नाही.

नाकाविषयी थोडक्यात. गंध ओळखणाऱ्या सुमारे चारशे प्रकारच्या ग्राहकांची (नाकातील पेशींवरच्या, वासाचे कण टिपणाऱ्या प्रथिनांची) माहिती लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांच्या १९९१ च्या शोधामुळे खुली झाली. त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांसाठी महत्त्वाचे हे की नाक वासाला लवकर सरावते. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात, आणि खोलीत बराच वेळ बसलेल्या माणसाला ते जाणवेनासे होऊ शकते. म्हणून बाहेरून आलेले मूल ‘वास येतो’ म्हणाले तर त्याला वेड्यात काढू नये. लहान मुले नाकाकानात वस्तू घालतात, त्यांत खेळण्यांतील बटनासारखा चपटा सेल सर्वांत घातक, कारण तो काही तासांत आतली त्वचा जाळतो. तो लपवू नये, लगेच सांगावे, कोणी रागावणार नाही, असे पुस्तकानेच मुलांना आश्वासन द्यावे.

त्वचा हे मात्र ओरडून सांगणारे इंद्रिय आहे, आणि बाकीच्यांच्या मौनाशी तुलना करण्यासाठी ते शेवटी शिकवावे असे मला वाटते. वेदना म्हणजे शिक्षा, अशी मुलांची समजूत असते. वेदना न जाणवण्याचा जन्मजात विकार असलेली मुले स्वतःची जीभ चावतात, भाजलेल्या हाताने खेळत राहतात, मोडलेल्या पायावर चालतात. कुष्ठरोगात बोटे झिजतात तीही प्रामुख्याने बधिर झालेल्या हातापायांना होणाऱ्या, न कळणाऱ्या जखमांमुळे. हे सांगितल्यावर वेदना ही पहारेकरी असल्याचे मुलांना वेगळे समजवावे लागत नाही. तीन भांड्यांचा जुना प्रयोग जरूर ठेवावा : एक हात गार पाण्यात, दुसरा सोसवेल इतक्या गरम पाण्यात, आणि मिनिटभराने दोन्ही कोमट पाण्यात. तेच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागते. पहारेकरीसुद्धा फसतो, म्हणून गरम पाण्याचा अंदाज गारठलेल्या हाताने घेऊ नये, हे त्यातून आपोआप निघते.

या सगळ्यातून मुलांना घाबरवून सोडावे असा माझा हेतू नाही. काय भरून येते हेही त्यांना तितक्याच आवर्जून सांगावे : गरम घासाने भाजलेल्या जिभेच्या रुचिपेशी साधारण दहा दिवसांत नव्या होतात, नाकातील गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, डोळ्याच्या पारपटलावरचा (पुढच्या पारदर्शक पडद्यावरचा) बारीक ओरखडा बहुधा काही दिवसांत भरतो. केशपेशी आणि दृष्टिपटलाच्या पेशी भरून येत नाहीत. पाठात एकच तक्ता ठेवायचा असेल तर तो ‘इंद्रिय आणि त्याचे काम’ असा न ठेवता ‘काय परत येते आणि काय येत नाही’ असा ठेवावा.

तसेच ‘डोळे नसतील तर जग अंधारमय’ यांसारखी वाक्ये गाळावीत. ती वाचताना वर्गात न दिसणारे किंवा ऐकू न येणारे मूल बसलेले असते. ब्रेल लिपी, सांकेतिक भाषा, श्रवणयंत्र आणि पांढरी काठी यांची ओळख याच पाठात, चष्म्याच्या शेजारी, तितक्याच सहजतेने करून द्यावी. इंद्रिये पाचच असा हट्टही सोडावा. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी रचना आणि डोळे मिटूनही नाकाला बोट नेमके लावू देणारी स्नायू-सांध्यांची जाणीव यांना एखादा परिच्छेद तरी मिळावा.

शेवटी प्रश्नपत्रिकेविषयी, कारण पाठ कितीही चांगला लिहिला तरी वर्गात शिकवले जाते ते परीक्षेत विचारले जाते तेवढेच. ‘ज्ञानेंद्रिये किती व कोणती?’ या प्रश्नाच्या जागी असे प्रश्न यावेत : एका मुलाला मागच्या बाकावरून फळा दिसतो पण बाईंचे शब्द कळत नाहीत, याची कोणती कारणे असू शकतील? सूर्याकडे पाहताना डोळा दुखला नाही, म्हणजे इजा झाली नाही असे म्हणता येईल का? आणि पाठाच्या पहिल्या पानावर, चित्रांच्याही आधी, एक कृती द्यावी : एक डोळा झाका, फळ्यावरचे वाक्य वाचा, आता दुसरा झाका, पुन्हा वाचा, फरक वाटला तर आजच शिक्षकांना आणि घरी सांगा.

या सूचनांवर चर्चा करण्यासाठी, प्रयोगांचा मसुदा लिहून देण्यासाठी किंवा तो वर्गात करून पाहण्यासाठी मी आनंदाने वेळ देईन. कळावे.

आपली नम्र,
प्राथमिक वर्गांची एक विज्ञान-शिक्षिका